घडीवर बेतलेली होडी

१

दोघी बहिणींचं शिवणकामाचं दुकान होतं आणि दोघींच्या डोक्यात खूळही एकच होतं. शिडाची होडी घ्यायची आणि उरलेलं आयुष्य तिच्यावर काढायचं. फार लांब नाही जायचं, किनारा दिसत राहिला पाहिजे. एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जायचं, बरं वाटेल तिथं नांगर टाकायचा, आठ दिवस लोकांचे पडदे-उशा शिवून द्यायच्या आणि पुढं निघायचं. गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. आधी लोक हसले, मग त्यांना सवय झाली, आणि शेवटी कुणाची बाही अडली तरी "आधी माझं शिवून द्या, मग जा समुद्रात" असं म्हणायची रीतच पडली.

थोरलीला सगळे ताई म्हणत आणि धाकटीला छोटी. छोटी पन्नाशीला टेकली तरी छोटीच राहिली. हात लहान, आणि सुई धरताना करंगळी अशी बाहेर काढायची की जणू तिचा बाकीच्या बोटांशी अबोला आहे.

दर रविवारी दोघी होड्या बघायला जायच्या. अकरा वर्षं. छोटी होडीत शिरली की आधी बिछान्यावर आडवी व्हायची आणि छताकडं बघत हसायची. थोरली आधी गुडघ्यांवर बसून तळातली फळी उचलायची आणि पाणी साचलंय का ते हात घालून बघायची. एका होडीत ताठ उभं राहता येत नव्हतं. एकीचं पोट इतकं खोल की उथळ खाडीत शिरायची सोय नाही. एकीची पाण्याची टाकी म्हणजे दोन बायकांचं तोंड धुऊन संपेल एवढी. थोरली प्रत्येकीत काहीतरी काढायचीच.

शेवटची परीक्षा कानाची असायची. होड्यांच्या आवारातल्या एका म्हाताऱ्या सुतारानं त्यांना शिकवलं होतं की होडीचं अंग हातोडीनं ठोकत जायचं. चांगलं लाकूड टणक वाजतं, कुजलेलं भसकन आवाज देतं. या दोघींनी हातोडीऐवजी शिवताना बोटात घालायचं पितळी अंगुस्तानच वापरलं. छोटी बाहेरून ठोकत जायची. थोरली आत बसून फळ्यांना कान लावायची, कारण कान तिचा पक्का. आणि आतून आपल्या अंगुस्तानानं उत्तर द्यायची. एकदा टक म्हणजे चांगलं. दोनदा म्हणजे पोकळ.

चार वर्षांपूर्वी छोटी एकटीच गेली. एक तांबडी होडी घेतली, थोरलीला न दाखवता, न ठोकता. तीन पत्रं आली. चौथं आलं नाही. किनाऱ्यावरच्या सगळ्या कचेऱ्यांत विचारून झालं. माणूस नाही, होडी नाही, एक फळीसुद्धा नाही.

आणि या सोमवारी दुपारी, थोरली एका शाळेच्या गणवेशाला काजं करत असताना, होड्यांच्या दलालाचा फोन आला.

"ताई, तुमची ती निळी आठवते का? पुन्हा विकायला आलीय. शनिवारपर्यंत दुसऱ्या कुणाला दाखवत नाही. पण शनिवारी मला हो किंवा नाही पाहिजे."

थोरलीनं बरं म्हणून फोन ठेवला. नंतर पाहिलं तर काज भलत्याच जागी कापलं गेलं होतं. तीस वर्षांत पहिल्यांदा.

२

होडी पसंत पडली की दोघी ती घरातल्या जमिनीवर खडूनं खऱ्या मापात काढायच्या आणि आठवडाभर तेवढ्याच जागेत राहून बघायच्या. बिछाना इथं, शेगडी इथं, मधली वाट दीड हात. रेषेबाहेर पाऊल म्हणजे पाण्यात पाऊल. छोटी रेषेबाहेर पडली की "बुडाले, बुडाले" म्हणत पलंगावर चढायची.

त्या वेळी कपाट आणि शिलाईयंत्र दोघी मिळून बाजूला ओढायच्या. आता एकटीच्यानं कपाट तसूभर हललं नाही. भिंतीलगत मोकळी जागा उरली ती जेमतेम अर्ध्या होडीपुरती. थोरली कमरेवर हात ठेवून जरा वेळ उभी राहिली आणि मग तिनं शिंपी करतो तेच केलं. झब्बा बेतताना कापड दुमडतात आणि घडीला लागून अर्धाच झब्बा काढतात. दुसरा अर्धा आपोआप खालच्या थरात असतो. होडी तरी वेगळी काय, डावी-उजवी सारखीच. तिनं भिंत धरली घडी म्हणून, आणि जुन्या वहीतल्या मापांनी भिंतीला लागून निळीची उजवी बाजू काढली. सवयीनं सगळीकडं शिवणीसाठी दीड बोट जास्त सोडलं.

काढून झाल्यावर तिच्याकडून आणखी एक झालं. घडीवर खडू मारला की खालच्या थरावर छाप उमटावी म्हणून कापडावर तळहातानं थापटतात. हात खडूनं माखलेलाच होता. तिनं भिंतीवर दोन थापा मारल्या.

मग तिचं तिलाच हसू आलं. "जमिनीला शिवण घालणार आहेस का आता," ती स्वतःला म्हणाली आणि हात धुतले.

मंगळवारी ती होडीत राहिली. रेषेच्या आत शेगडी, रेषेच्या आत चटई. दुपारी दुकान बंद करून वर आली, चहा केला, बिछान्याच्या जागी भिंतीला टेकून बसली. अंगुस्तान बोटात तसंच होतं. विचार करताना ते कशावर तरी वाजवायची तिला खोड होती. ते भिंतीवर वाजलं.

भिंतीतून उत्तर आलं. टक.

कप तिच्या ओठांशीच थांबला. पाण्याचा नळ, ती म्हणाली. पण नळ समोरच्या भिंतीत होता. मग पारवा असेल, चोच मारत असेल. ही भिंत बाहेरची. तिसरा मजला, पलीकडं ना खोली, ना गच्ची, ना सज्जा. पलीकडं नुसती हवा, आणि खाली मागचं आवार.

तिनं पुन्हा वाजवलं नाही. चहा मात्र पूर्ण गार होईपर्यंत ती हलली नाही, आणि तिला जे वाटत होतं ती भीती नव्हती. खूप दिवसांनी कुणीतरी आपल्याला चहाला हाक मारावी, तसं काहीतरी होतं.

३

खालच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणजे गल्लीचं वर्तमानपत्र. पण मनानं गोड बाई. छोटी गेल्यापासून आठवड्यातून दोनदा तरी जिन्यात थोरलीची वाट अडवून, काही खाल्लंय की नाही ते विचारणार. बुधवारी सकाळी तशीच अडवली.

"ताई, पाहुणी आलीय का कोणी?"

"नाही हो. कोण येणार?"

"मग दोघी चालतात त्या कोण?"

थोरलीनं कठडा धरला. "दोघी?"

"आता माझ्या डोक्यावर राहता तुम्ही, तुमची पावलं मला पाठ आहेत. उजवा पाय जरा घासत टाकता, गुडघ्यामुळं. ती दुसरी हलकी आहे. तुम्ही थांबलात की थांबते, चाललात की चालते. आणि आणखी एक सांगू? हसाल."

"सांगा."

"ती माझ्या डोक्यावर नाही चालत. माझ्या भिंतीच्या पलीकडं चालते. म्हणजे बाहेर." वहिनी स्वतःच हसल्या. "यांना सांगितलं तर म्हणाले, गल्लीतलं ऐकून झालं, आता हवेतलं ऐकायला लागलीस."

थोरलीही हसली. आवाज असा फिरतो जुन्या इमारतीत, असं काहीतरी बोलली आणि खाली उतरली. गुडघा खरंच दुखत होता. पण दुकानात बसल्यावर सुईत दोरा जाईना.

तिला निळी होडी आठवत होती. त्या दिवशी बाहेरून छोटी ठोकत पुढं सरकत होती आणि आत बसलेली थोरली एकेक टक देत होती. उभं राहता येत होतं. टाकी मोठी होती. पोट उथळ होतं. तळ कोरडा खडखडीत. प्रत्येक टक द्यायला थोरली आधीपेक्षा जास्त वेळ लावत होती, कारण आता या होडीला नावं ठेवायला काही उरलं नव्हतं. आता जावं लागणार होतं. दुकान, गल्ली, ही खोली, सगळं सोडून, हलत्या पाण्यावर. अकरा वर्षं तिनं हे ना स्वतःला कबूल केलं होतं ना बहिणीला, की तिला होड्या बघायला आवडायचं, जायचं नव्हतं.

डाव्या बिछान्याच्या उशाशी, हातभर खाली, छोटीनं ठोकलं. लाकूड घंटेसारखं वाजलं.

थोरलीनं आतून दोनदा टक केलं.

बाहेरून छोटीचा आवाज आला, अगदी साधा. "नक्की ना, ताई?" आणि थोरली म्हणाली, "माझा कान कधी चुकलाय का?"

त्यानंतर महिनाभरात छोटीनं ती तांबडी घेतली. जाताना एवढंच म्हणाली, "आता तुझ्या कानासाठी थांबत नाही."

४

गुरुवारी दुपारी थोरली होड्यांच्या आवारात गेली. निळी होडी टेकूंवर उभी होती, रंग उडालेला, डोलकाठी आडवी बांधून ठेवलेली. दलालानं शिडी लावली आणि स्वतः खालीच राहिला; त्याचं पोट आत मावत नव्हतं आणि तो हे स्वतःच सांगायचा.

"बघा निवांत. किल्ली माझ्याकडंच असते. दोन वर्षांत आत चिटपाखरू गेलेलं नाही."

आत धुळीचा जाड थर होता. उजव्या बाकावर तिनं बोट फिरवलं तर रेघ उठली. शेगडी तिथंच, वाट दीड हात. घरी तीन दिवस याच मापात वावरल्यामुळं तिचा गुडघा न बघता वळत होता. ती डाव्या बाजूला गेली आणि गुडघ्यांवर बसली. उशापासून हातभर खाली. अंगुस्तान बोटात घातलं.

टणक. स्वच्छ, घट्ट लाकूड. चार वर्षांपूर्वी होतं तसंच.

तिनं डोळे पुसले, आणि पुसताना तिला तो खडू दिसला. डाव्या बिछान्याच्या कडेनं, कडेपासून बाहेर, बारीक पांढरी रेष गेली होती. सुताराची पेन्सिल नव्हे. शिंप्याच्या चपट्या खडूची, धार लावून ओढलेली, दोन्ही टोकांना छोटा काप. तिनं बोटांनी अंतर मोजलं. दीड बोट.

रेषेवर धूळ नव्हती. धुळीच्या वर रेष होती.

असेल, ती स्वतःशी म्हणाली. त्या वेळी आपणच काढली असेल, गादीचं माप घेताना. पण त्या वेळी गादीचं माप घेण्यापर्यंत गोष्ट गेलीच नव्हती. ती गोष्ट तिनंच तिथं जाऊ दिली नव्हती.

खालून दलाल ओरडला, "ताई, एकट्याच राहणार ना? तो डावा बिछाना काढून छान कपाट करून देतो. एकट्या माणसाला दोन बिछाने कशाला?"

"बघू," ती म्हणाली. तिच्या आवाजाला आतल्या फळ्यांनी असा घुमारा दिला की कुणीतरी मागोमाग "बघू" म्हणाल्यासारखं वाटलं. थोडंसं उशिरा. थोडंसं वरच्या पट्टीत.

५

शुक्रवारी भर दुपारी वहिनी दुकानात आल्या आणि काही न बोलता तिचा दंड धरून तिला मागच्या आवारात घेऊन गेल्या. वहिनी काही न बोलता चालताहेत, हे थोरलीनं पहिल्यांदाच पाहिलं.

"वर बघा. तुमची खोली. खिडकीच्या डावीकडं."

इमारतीची ती बाजू पिवळ्या रंगाची, पावसानं काळवंडलेली. तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर, जिथं पाय ठेवायला वीटभर जागा नव्हती, तिथं एक पांढरा ठसा होता. तळहाताचा.

"रंगारी आला होता ना मागं," थोरली म्हणाली.

"तो तीन वर्षांपूर्वी. मी रोज इथं कपडे वाळत घालते ताई, हा ठसा काल नव्हता."

"मग ओल असेल. आतून मी हात मारला होता, खडूचा. फुटला असेल बाहेर." बोलता बोलताच तिला कळत होतं की आपण काय बोलतोय. दीड वितीची भिंत, खडू काय फुटणार.

"तुमचा हात आहे होय तो?" वहिनींनी तिच्या हाताकडं पाहिलं, मग पुन्हा वर. "तुमची बोटं लांब आहेत."

वरचा हात लहान होता. चार बोटं जवळ जवळ, आणि करंगळी फटकून दूर. मधल्या बोटाचं टोक बाकीच्यांसारखं पसरलेलं नव्हतं. छोटं, गोल, टोपी घातल्यासारखं.

वहिनींनी तिचा दंड सोडला नव्हता. हळूच म्हणाल्या, "ताई, आज आमच्याकडं झोपायला या."

"नको. उद्या मला उत्तर द्यायचंय."

"कुणाला?"

थोरलीनं पुन्हा एकदा वर पाहिलं. मग म्हणाली, "दलालाला."

६

शनिवारी सकाळी तिनं खोली झाडली, रेषा सांभाळून. खिडकीतून ऊन जमिनीवरच्या बिछान्यापर्यंत आलं होतं. ती चटईवर बसली, भिंतीकडं तोंड करून, आणि अंगुस्तान घातलं. या खेपेला ठोकणार ती होती. ऐकणारं कुणीतरी दुसरं.

पायथ्यापासून सुरुवात केली. टक. भिंतीतून एक टक आलं. वीतभर पुढं सरकली. टक. एक. शेगडीच्या जागी एक, वाटेच्या तोंडाशी एक. मधे वेळ जात नव्हता. पलीकडून कोणी कान लावूनच बसलेलं असावं, तसं. खाली कुणीतरी बादली ठेवली, कुणाचा रेडिओ लागला. थोरलीच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तिचं तिकडं लक्ष नव्हतं. तिनं बहिणीला इतक्या जवळून कधी ऐकलंच नव्हतं. नेहमी मधे होडी असायची आणि घाई असायची.

उशाशी आली. हातभर खाली हात नेला, आणि तिथं तो थांबला.

"छोटे," ती म्हणाली, "इथं मी खोटं बोलले होते."

मग ठोकलं.

रेडिओवरचं गाणं संपलं, दुसरं लागलं. भिंत गप्प होती. थोरलीनं गाल भिंतीला लावला. गिलावा गार होता, ओलसर, आणि त्याच्या मागं खूप खोल काहीतरी संथपणे आपटून परत जात होतं, पुन्हा येत होतं.

टक. टक.

दोनदा.

ती तशीच राहिली. लाकूड चांगलं होतं, तिनं परवाच वाजवून पाहिलं होतं, स्वतःच्या कानानं. पण कान कुणाचा पक्का, हे तरी आता कोण ठरवणार? पलीकडून ती सांगत होती की येऊ नकोस. किंवा आठवण करून देत होती. किंवा जे थोरलीनं तिच्याशी केलं तेच आता ती थोरलीशी करत होती, आणि त्याच कारणानं: माणूस जागच्या जागी सुखरूप राहावं म्हणून.

"खोटारडे," थोरली भिंतीला म्हणाली. फार मायेनं म्हणाली. "नक्की ना?"

उत्तर आलं नाही. फक्त भिंतीच्या पलीकडून, हवेतून, एक बारीक आवाज सुरू झाला. खडू ओढल्याचा. उशापासून पायथ्यापर्यंत, सावकाश, एका दमात, हात न उचलता. जिथं संपला तिथं छोटा काप मारल्याचा खट्ट आवाज झाला.

कुणीतरी दीड बोट जागा जास्त सोडत होतं.

थोरली उठली आणि फोन लावला.

"घेते," ती म्हणाली. "आणि तो डावा बिछाना राहू द्या."

७

होडी पाण्यात उतरवली त्या दिवशी वहिनी आल्या होत्या, नवऱ्याला घेऊन. दुकान आता दुसऱ्या एका शिवणारणीकडं गेलं होतं. वहिनींनी डबा दिला, स्वेटर दिलं, गुडघ्याचं तेल दिलं, आणि द्यायला आणखी काही उरलं नाही तेव्हा नुसत्या उभ्या राहिल्या.

क्रेनचे पट्टे सैल झाले. निळी होडी पाण्यावर बसली आणि डावीकडं कलली.

क्रेनवाल्यानं मान वाकडी करून पाहिलं. "डाव्या अंगाला काय भरलंय एवढं?"

"काही नाही," दलाल म्हणाला. "रिकामी आहे. मी स्वतः बघितलीय."

"रिकामी होडी अशी नाही बसत. माणूस बसल्यासारखी बसलीय. वर काढून बघू का? कुठं पाणी शिरत असेल तर आत्ताच कळेल."

सगळे थोरलीकडं बघायला लागले. वहिनींनी तोंडावर हात ठेवला होता.

"राहू द्या," थोरली म्हणाली. तिनं धक्क्यावरून पाय टाकला, दारातून वाकून आत उतरली आणि उजव्या बाकावर बसली.

होडी सावकाश सरळ झाली. तसूभर इकडं नाही, तसूभर तिकडं नाही.

समोरच्या बिछान्याकडं तिनं पाहिलं नाही. बोटातलं अंगुस्तान काढलं, जाकिटाच्या खिशात टाकलं आणि खिशाचं बटण लावलं. मग वर तोंड करून दोर सोडायला सांगितलं.